ओंकारला तूच फोन कर

रामबाग, इंदूर

प्रिय पक्या,

घरी सगळे बरे. आईची शुगर आटोक्यात, गुडघे तसेच.

काल रात्री ओंकारनं हेडफोन भिंतीवर आपटला. व्हॅलोरंटमध्ये, त्या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात, लागोपाठ हरला म्हणून. दादाला यातलं काही कळत नाही, तुला कळेल. दादानं महिन्यापूर्वी जाहीर केलं, "डायमंड रँकला पोचलास की नवा लॅपटॉप." तेव्हापासून पोराच्या खेळातला जीवच गेला रे. आधी हरला तरी जेवताना आईला अख्खा राउंड रंगवून सांगायचा. तीही विचारायची, "मग बाँब कुणी काढला?" आता ताटावर गप्प.

दादाला मी मानसशास्त्रज्ञ डेसीचा 1971 चा प्रयोग सांगितला. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांचं कोडं दिलं, काहींना ते सोडवल्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर तीच मुलं मोकळ्या वेळात कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावू लागली. दादा म्हणतो, "मग बंद कशाला करायचे?" यावर काय बोलशील!

पण लॅपटॉप हे अर्धंच दुखणं. मी ओंकारच्या मागे उभा राहून बघितलं. पळत कोपऱ्यावर येतो तेव्हा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, जमिनीवर. समोर कुणी दिसला की माउस वर ओढतो, तोवर याच्याच डोक्यात गोळी. पुढच्या राउंडला तेच. मॅच संपली की श्वासही न घेता दुसरी लावतो आणि म्हणतो, टीमच बेकार मिळते. अरे, बेकार टीम समोरच्यालाही मिळते. गडी जुळवणारं मॅचमेकिंग तोडीस तोड गडी शोधतं, म्हणून आपल्या पातळीला पोचलं की साधारण निम्म्या मॅच हातच्या जाणारच. तिथून वर सरकायचं तर चूक हेरून तेवढीच घोटावी लागते. नुसते तास ओतून ती चूकच पक्की होते.

तू आठवतोस तो इथेच. सायबर कॅफेत आम्ही सगळे मॅचला बसायचो आणि तू तासाचे पैसे भरून काउंटर-स्ट्राइकच्या रिकाम्या डस्ट टू मॅपमध्ये एकटा कोपरे घोटायचास. आम्ही किती हसायचो! मानसशास्त्रज्ञ एरिक्सननं 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांबद्दल तेच लिहिलं: सर्वांत चांगल्यांचा एकट्यानं केलेला रियाज जास्त भरला. मात्र हात उपजत की घोटलेला, हे आपलं भांडण मी सोडलेलं नाही. 2014 मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले. बुद्धिबळासारख्या खेळांत खेळाडूखेळाडूंतल्या फरकाचा 26 टक्के भागच अशा सरावाशी जुळला. उरलेल्यावर दिवाळीत भांडू, सराफ्यात, भुट्ट्याच्या कीसवर. बिल तुझं.

तुझ्या बदलीचं पक्कं झालं का? छोटीला नवी शाळा मानवली? वहिनींना नमस्कार.

ओंकारला तेवढा फोन कर. रँक अजिबात विचारू नकोस. कोपऱ्यावर निशाणा कुठे धरायचास, तेवढं सांग. मी पडलो काका, माझं त्याला भाषण वाटतं. तुझ्या हेडशॉटच्या गोष्टी तो लहानपणापासून ऐकतोय. दादाकडे लॅपटॉपचं मी बघतो. रँक सोडून सरळ वाढदिवसाला घेऊन दे म्हणतोय, निम्मे पैसे मी घालतो. अजून हो म्हणालेला नाही, पण आईला माझ्या बाजूनं वळवलंय.

फोन सातच्या आत कर, नंतर तो रँक्डला, रँकच्या मॅचना, बसतो.

तुझा,
विन्या