ऑनलाइन दुकान कुठे थाटायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांनी ‘ऑनलाइन जावं’, असा सल्ला हल्ली प्रत्येक मेळाव्यात मिळतो. कुठं जावं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कांदा-लसूण चटणी करून विकते; ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, डंकावर कुटलेली. सून हिशेब बघते. दुकान ऑनलाइन न्यायचं ठरल्यावर आमच्या घरात बराच खल झाला. तो इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र.

ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर नवं गिऱ्हाईक मिळतं, हे खरं. पण ते गिऱ्हाईक त्यांचंच राहतं. पुण्याच्या बाईनं तिथून माझी चटणी घेतली, तर पुढच्या उन्हाळ्यात ‘ताई, नवी कुटली, पाठवू का?’ असं मी तिला कळवू शकत नाही. आमचा धंदा तर परत येणाऱ्या गिऱ्हाइकावरच चालतो. त्यामुळे मला स्वतःचं दुकान बरं. चप्पल लाईनमधल्या, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारातल्या व्यापाऱ्याचं गणित वेगळं. भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल लांबलांबचे लोक नावानं शोधतात, तेव्हा त्याला ॲमेझॉनसारखा मोठा बाजार सोयीचा. फक्त माप चुकलं की माल परत येणार, तो खर्च त्यानं किमतीत आधीच धरावा.

स्वतःचं दुकान म्हटलं की बहुतेकांची गाडी शॉपिफाय (महिन्याच्या भाड्यानं तयार ऑनलाइन दुकान देणारी सेवा) की वूकॉमर्स (आपल्याच संकेतस्थळावर दुकान उभं करायचं सॉफ्टवेअर) इथं येऊन अडते. शॉपिफायचं महिन्याचं भाडं सगळ्यांना दिसतं. पण त्यांची स्वतःची पैसे घेण्याची सेवा भारतात नाही. दुसऱ्याचं पेमेंट गेटवे जोडावं लागतं, आणि सुरुवातीच्या बेसिक योजनेत गेटवे कापतं ते वेगळंच, त्यावर शॉपिफाय दर विक्रीमागे आणखी २ टक्के घेतं. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची इंटरनेटवरची जागा, विकत घ्यावं लागतं आणि अपडेट, बॅकअप, सुरक्षा सगळं आपल्याच गळ्यात. मे महिन्यात कोपरापर्यंत तिखटानं माखलेल्या हातांनी सॉफ्टवेअर कोण अपडेट करणार? घरात ते बघणारं माणूस नसेल, तर भाडं भरलेलं परवडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्यांची गिऱ्हाइकं ओळखीतलीच आहेत, त्यांनी आधी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग वापरून बघावा. त्याला काहीच पडत नाही.

खरा चिमटा कुरिअरला बसतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात. तो आकडा वजनापेक्षा जास्त आला, तर पैसे त्यावर. म्हणजे ३० बाय २० बाय २० च्या खोक्यात अर्धा किलो चटणी घातली, तरी आकारणी २.४ किलोची! त्यात ‘घरी आल्यावर पैसे’ म्हणणाऱ्यानं पार्सल नाकारलं, तर परतीचं भाडंही विकणाऱ्याच्याच अंगावर पडतं. तेव्हा आधी खोकं ठरवा, मग किंमत.

आणखी एक अडचण आपल्या भागाची. वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असलेली बाई स्वतःच्या संकेतस्थळावरून कोल्हापुरातून थेट मुंबईला चटणी पाठवू शकते. चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीला मात्र नाही. निपाणी कर्नाटकात, आणि राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. निपाणीची माणसं आपल्यासारखीच मराठी बोलतात, याच्याशी कराला देणंघेणं नाही. नोंदणी करायची नसेल, तर संकेतस्थळावर माल फक्त महाराष्ट्रात पाठवायची सोय ठेवावी. अशी सोय देणारं व्यासपीठच निवडावं.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचं संकेतस्थळ बनवणाऱ्यानं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. पुढं त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि पिशव्यांवर छापलेला पत्ता वाया गेला. डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर हवं. गिऱ्हाइकांची यादी आणि जुन्या ऑर्डरी फाईल करून बाहेर काढता येतात का, हेही पैसे भरण्याआधी विचारावं.

मेळावे भरवणाऱ्यांना एकच विनंती: सत्कार थोडे कमी करा आणि तेवढ्या वेळात एखाद्या बाईचा खराखुरा माल घेऊन हा सगळा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. चटणी मी आणते.

आपली,
एक चटणी व्यावसायिक
मंगळवार पेठ, कोल्हापूर