तोलेदोच्या पायी फेरीबद्दल तक्रार: सोमवारी बंद असलेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आम्हाला का विकले?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्पेन सहलीतील ‘तीन संस्कृतींचे तोलेदो’ या पायी फेरीतील सेवेची त्रुटी व परताव्याची मागणी

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या स्पेन सहलीत मी आणि माझी आई सहभागी झालो होतो. माद्रिद आणि ग्रानादाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती तोलेदोच्या दिवसाची, ज्या दिवशी ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम या तिन्ही संस्कृतींच्या वास्तू पाहायच्या होत्या.

ही सहल आम्ही घेतली तीच मुळी तोलेदोसाठी. आईचे माहेर अलिबागचे, इस्रायल आळीच्या शेजारचे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, त्यामुळे तिथल्या सिनेगॉगमध्ये तिचे लहानपणापासून येणेजाणे. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकलून दिले, पण त्यांचे एल त्रान्सितो हे सिनेगॉग तोलेदोत अजून उभे आहे, हे वाचल्यापासून ते एकदा आतून पाहायचे तिच्या मनात होते. आपल्या माहितीपत्रकात ‘एल त्रान्सितो सिनेगॉग व सेफार्दी संग्रहालय, आतून दर्शन’ असे स्पष्ट छापले आहे (सेफार्दी म्हणजे मूळचे स्पेनमधले ज्यू).

आपण आम्हाला तिथे सोमवारी नेले. हे संग्रहालय दर सोमवारी बंद असते. दाराशेजारच्या पाटीवर सोमवारपुढे ‘सेर्रादो’ (बंद) लिहिलेले आईनेच मला दाखवले. सहलीच्या तारखा आपण कित्येक महिने आधी जाहीर केल्या होत्या, त्यामुळे याला आयत्या वेळची अडचण म्हणता येणार नाही. राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात बांधवलेली ही वास्तू, भिंतींवरची गिलाव्यात कोरलेली हिब्रू अक्षरे, स्त्रियांसाठीचा वरचा सज्जा, हे सगळे गाइडने बंद दारासमोर उभे राहून तोंडी सांगितले. तेवढे तर आम्ही अलिबागला बसूनही वाचले होते.

मला सर्वांत जास्त खटकले ते यापुढचे. तिथून चार-पाच मिनिटांवर सांता मारिया ला ब्लांका हे दुसरे जुने सिनेगॉग आहे, पांढऱ्या खांबांचे, घोड्याच्या नालासारख्या कमानींचे. ते त्या दिवशी उघडे होते. मी गाइडला तसे सुचवले. ‘कार्यक्रमात नाही, तिकीट काढलेले नाही,’ असे उत्तर मिळाले. तोलेदोत पर्यटकांसाठी मनगटी पट्टी मिळते. त्या एकाच तिकिटात सांतो तोमे चर्च, सांता मारिया ला ब्लांका आणि ९९९ मधली क्रिस्तो दे ला लुस मशीद ही तिन्ही ठिकाणे येतात. आपण फक्त सांतो तोमेचे सुटे तिकीट काढले. मशीद आम्ही कुंपणाबाहेरून पाहिली. आतले नऊ छोटे घुमट, ज्यांतल्या प्रत्येकाची रचना वेगळी आहे, ते राहिलेच. मग तीन संस्कृतींपैकी आत जाऊन पाहायला मिळाली ती एकच.

वेळ नव्हता म्हणावे, तर तलवारी आणि सोन्याच्या तारकामाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात पाऊण तास कसा निघाला? त्या दुकानाचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेही नाही.

गाइडला मी दोष देत नाही. सांतो तोमेमध्ये एल ग्रेकोच्या ऑर्गासच्या दफनाच्या चित्रासमोर त्यांनी खालच्या कोपऱ्यातला लहान मुलगा दाखवला. तो चित्रकाराचाच मुलगा, आणि त्याच्या खिशातल्या रुमालावर १५७८ हे त्याचे जन्मवर्ष आहे. आई किती तरी वेळ तिथून हलेना. इतके जाणणाऱ्या माणसाच्या हाती आपण असा कार्यक्रम द्यावा, याचे वाईट वाटते.

आणखी एक. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच मी चढाबद्दल लेखी विचारले होते. रेकारेदोच्या सरकत्या जिन्यांनी वर नेऊ, असे आपल्या कार्यालयाने ई-मेलने कळवले. बसने उतरवले अल्कांतारा पुलाच्या पलीकडे, आणि तिथून दगडी फरसबंदीचा चढ आईने माझ्या खांद्याचा आधार घेत चढला. पुढचे दोन दिवस ती हॉटेलच्या खोलीतच होती.

तोलेदोच्या दिवसाची दोघींची पूर्ण रक्कम परत करावी आणि यापुढच्या तुकड्यांना सोमवारी तोलेदोला नेणे थांबवावे, ही मागणी आहे. ‘नियोजनात बदल संभवतात’ ही छापील ओळ मला उत्तर म्हणून चालणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. माहितीपत्रक, ई-मेल आणि पावतीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
सहलीतील एक ग्राहक
(बुकिंगचा तपशील पावतीवर)