निहारचं बोलणं आणि बाबांचं कानाचं मशीन

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

निहार अजून बोलत का नाही आणि त्यासाठी मी काय ठरवलंय, हे फोनवर नीट सांगून होत नाही. बाबांना अर्धं ऐकू येत नाही, आई मधेच रडायला लागते, आणि मग मीही. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लावून सावकाश वाच. बाबा, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करायचा नाही.

ठरलंय ते आधी सांगून टाकते. येत्या सोमवारपासून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. अर्ज मंजूर झालाय, तेव्हा त्यावर आता चर्चा नको. निहार दिवसभर माझ्याजवळ राहील आणि रोज चार वाजता तुमच्याकडे येईल, सातपर्यंत. आठवड्यातून दोनदा त्याला स्पीच थेरपिस्टकडे न्यायचं आहे. बढतीचं म्हणाल तर ती पुढच्या वर्षी बघू. बाबा, तुम्ही एव्हाना सगळ्यांना सांगूनही बसला असाल, मला माहीत आहे. विचारलं कोणी तर "तिनेच पुढे ढकलली" म्हणा, खरंच आहे ते.

आई लगेच म्हणेल, म्हणजे आमच्याकडे नकोसा झाला का तो? नाही गं. तू त्याला जसं सांभाळलंस तसं मला जमणारही नाही. अजून झोपताना तो माझा हात ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवतो, तुझ्यासारखा फिरवायला, आणि माझा हात चुकला की कुरकुरतो. पण तुझा गुडघा मला दिसत नाही असं समजू नकोस. त्याच्यामागे धावता यावं म्हणून तू ऑपरेशन पुढे ढकलत आली आहेस. आता ते कारण उरलं नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

गेल्या आठवड्यात त्याचे कान तपासून घेतले. तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण बाबा म्हणाले असते "आपल्याकडे सगळे उशिराच बोलतात", आणि ते ऐकून मला इतकं बरं वाटलं असतं की मी गेलेच नसते. तपासणी अगदी साधी होती. कानात रबराची छोटी गुंडी बसवतात, यंत्र हवेचा दाब जरा कमी-जास्त करतं आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतं. पडदा नीट हलत असला की कागदावर टेकडी उमटते. निहारच्या दोन्ही कानांच्या रेषा सपाट आल्या. पडद्यामागे पाणी साठलंय.

घाबरू नका. ताप नाही, ठणका नाही, म्हणूनच तर कुणाच्या लक्षात आलं नाही. जन्मल्यावर केलेली चाचणी चांगली होती, तीही खोटी नव्हती. हे पाणी नंतर सर्दी-पडशातून साठतं आणि कमी-जास्त होत राहतं. म्हणून एखाद्या दिवशी तो पहिल्या हाकेला वळतो आणि दुसऱ्या दिवशी चार हाका मारल्या तरी वळत नाही. आपण म्हणायचो, हट्टी आहे, आईवर गेलाय. पाण्यात डोकं बुडवल्यावर काठावरचं बोलणं ऐकू यावं तसं त्याला आपलं बोलणं येत असणार. सूर कळतो, माणूस कळतो, पण स, श, फ, त असे हलके आवाज गळून पडतात. जे नीट ऐकूच येत नाही ते तो म्हणणार तरी कसं? बहुतेक मुलांचं हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जिरतं. नाही जिरलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवतात. डॉक्टरांनी घाई करू नका म्हटलंय. तेव्हा आई, कुणी सांगितलं म्हणून त्याच्या कानात तेलाचा थेंबसुद्धा घालायचा नाही.

बाबा, आता तुमचं ते उशिरा बोलण्याचं. दादा उशिरा बोलला, मी उशिरा बोलले, हे मी थेरपिस्टना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. घरात आधी कुणी उशिरा बोललेलं असणं ही निश्चिंत राहण्याची नव्हे, लवकर दाखवून घेण्याची गोष्ट आहे म्हणे. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे मागे असतात हेही खरं, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द हवेत आणि "बाबा गेले" असे दोन शब्द तो जोडायला लागलेला हवा. आपल्याकडे अजून दहाही नीट नाहीत. अशी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात, पण कोणतं येईल आणि कोणतं मागे राहील हे आत्ता कुणाला सांगता येत नाही. म्हणून मला वाट बघत बसायचं नाही.

आणि चांगलंही ऐका. तो बोट दाखवतो, दाखवून आपल्याकडे वळून बघतो, "चप्पल आण" म्हटलं की आणतो. थेरपिस्टना सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला. बोट दाखवणं म्हणजे शब्द न उच्चारता केलेलं बोलणंच आहे, असं त्या म्हणाल्या.

आता टीव्ही. बाबा, हे वाचताना तुमच्या कपाळावर आठी येईल, ती मला इथून दिसते आहे. तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून शोधून ठेवलाय. 2003 साली पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. तशी 12 सत्रं झाली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना मँडरिनमधले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. टीव्हीवाल्यांना काही म्हणजे काही आलं नाही, जणू ती भाषा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मुलाला समोर उत्तर देणारं माणूस लागतं. दादाचा व्हिडिओ कॉल त्यामुळे चालेल, कारण निहारने हात हलवला की दादाही हलवतो. बातम्या सांगणारा हलवत नाही.

"पण तो बघतच नाही, नुसता चालू असतो," असं तुम्ही म्हणाल. अडचण तीच आहे. 2009 च्या एका अभ्यासात मुलांच्या कपड्यांत छोटे रेकॉर्डर ठेवून दिवसभराचं बोलणं मोजलं होतं. टीव्ही ऐकू येईल असा तासभर चालला की मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी 770 ने कमी होतात. आपणच गप्प होतो, आपल्याला कळतही नाही. त्यात आपल्याकडचा आवाज किती मोठा असतो ते वॉचमनलाही माहीत आहे. कानात पाणी असलेल्या मुलाला त्या गोंगाटातून आजीचं बोलणं वेगळं काढता येत नाही. म्हणून चार ते सात टीव्ही बंद. तुमचं चर्चासत्र रात्री आठला असतं, ते खुशाल बघा.

आई, तुझ्यासाठी एकच गोष्ट, आणि तीच तुला सगळ्यात जड जाणार आहे. त्याने बोट उचलायच्या आत तू वस्तू त्याच्या हातात देतेस. मायाच ती, पण त्याला मागायची गरजच उरत नाही. जरा थांब. मनातल्या मनात पाचपर्यंत मोज, त्याच्या तोंडाकडे बघ. तो "आ" म्हणाला तरी ते मागणं समज आणि "गाडी हवी? ही घे गाडी" असं म्हणून दे. आणि "हे काय, ते काय" अशी परीक्षा कुणीच घ्यायची नाही, बाबा, विशेषतः पाहुण्यांसमोर. तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल आपण बोलायचं. तो पंख्याकडे बघत असेल तर पंख्याबद्दल, भले तुम्हाला त्या वेळी पुस्तकातला हत्ती दाखवायचा असो. बोटांवरची गाणी म्हणताना शेवटचा शब्द तू गाळ आणि वाट बघ, काहीतरी येतंच.

एका बाबतीत मात्र आई जिंकली. ती त्याच्याशी हेल काढून, लांबवून, उंच आवाजात बोलते आणि बाबा चिडतात. तान्ह्या मुलांचं लक्ष नेमकं त्याच आवाजाकडे जातं आणि त्यांना शब्द वेगळे काढायला सोपे जातात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तेव्हा हेल काढ हवा तेवढा. फक्त शब्द पुरा म्हण, बोबडा नको.

दोन भाषांमुळे गोंधळ होतो असं काकूंनी परत सांगितलं तर मान डोलवा आणि विषय बदला. तुमचे जावई त्याच्याशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलतात, ते तसंच चालू राहील. दोन भाषांनी बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे असतात, एवढंच.

बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचात. मी काहीतरी चुकीचं म्हणायचे, तुम्ही सायकल थांबवून "असं होय!" म्हणायचात आणि तीच पाटी परत वाचायचात. शाळेची घंटा होऊन जायची, पण तुम्हाला कधी घाई नसायची. त्या थेरपिस्ट जे शिकवतात ते मला ओळखीचं वाटलं ते त्यामुळेच. निहारलाही तेच हवंय. पण त्यासाठी तो काय म्हणाला ते तुम्हाला ऐकू यायला हवं ना?

तर मशीन. ते कपाटात डबीत ठेवलेलं आहे, वरच्या खणात, मी बघितलंय. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवलंत. ती बहुतेक कानात नीट बसत नाही म्हणून वाजते, बसवून देतात ते. सुरुवातीला रोज एखादा तास लावा, मग वाढवा. 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञांच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या 12 गोष्टी दिल्या, त्यांत ऐकू कमी येणंही आहे. नानांचं शेवटचं वर्ष आठवा. याहून जास्त मी लिहीत नाही.

आणि आई, सर्जनना भेटायची वेळ मी घेतली आहे, या गुरुवारी सकाळी दहाला. रजेवर असल्यामुळे ऑपरेशननंतर मी तुझ्याजवळ राहू शकेन, हेही रजेचं एक कारण आहे, म्हणजे बाबांना पटेल. तुझी खोली खालीच करू, खुर्ची उंच घेऊ, गरम पाण्याची पिशवी नवी आणली आहे. निहार पलंगाशेजारी बसून खेळेल, तुला त्याच्यामागे उठावं लागणार नाही. जुने एक्स-रे शोधून ठेव, आणि रक्तदाबाची गोळी त्या दिवशी विसरू नकोस.

सोमवारी चारला येतो.

तुमची,
छकुली

ता. क. कुणी विचारलंच तर "कानात पाणी आहे, उपचार चालू आहेत" एवढंच सांगायचं. त्याच्यासमोर "हा अजून बोलत नाही" असं कुणीही म्हणायचं नाही. बोलत नसला तरी त्याला कळतं सगळं.