‘तंगडी’ लिहिणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

मार्चमधल्या त्या रविवारी उन्हं कलताना इरकली लुगड्यातल्या म्हातारीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन तुमच्या रानझाडांच्या बागेत आलेला मी. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

आईला माळावरची झाडं बघायची होती. माहेर अक्कलकोटकडं, आता तिथं जावं असं कुणी उरलं नाही. आधी एका नर्सरीत नेलं, तर पोरगा हसला. “आजी, ही रानातली झुडपं कोण इकत घेतंय? कॅक्टस न्या.” म्हणजे अमेरिकेतला काटा पैसे मोजून, आपला फुकटही नको! दुसरीकडं तिनं एका पानाला हात लावला, तर रखवालदारानं शिट्टी मारली. ७७ वर्षांच्या बाईला शिट्टी. परतताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

तुम्ही मात्र फाटकातच म्हणालात, “हात लावा की आई. नेपतीला तेवढं जपून, काटं हायती.” मग काय, ती सुटलीच. पानं नसलेली नेपती, नुसत्या हिरव्या काड्या आणि विटकरी फुलं. पांढुरक्या सालीचा हिवर. हिंगणबेटाचं फळ हातात धरून, त्याच्या गरानं लुगडी कशी धुवायची हे ती तुम्हालाच शिकवायला लागली. तुम्हाला ठाऊक नसेल होय? तरी ऐकून घेतलंत.

पिवळ्याधमक तरवडापाशी ती अडली. पाटी वाचून म्हणाली, “हे चुकलंय. ही तंगडी.”

मी घाईघाईनं सांगायला लागलो, आईचं माहेर कानडी वळणाचं, तिकडं असंच म्हणतात. तुम्ही मला हातानंच थांबवलंत. खोपीतून रंगाचा डबा न् कुंचला आणलात, पाटीपुढं उकिडवे बसलात.

“डी पहिली का दुसरी, आई?”

“दुसरी,” चौथी पास बाई ठामपणे म्हणाली.

लोकांना कोंबडीची तंगडी आठवेल, हसतील, असं मी पुटपुटलो. “हसू द्या की,” म्हणालात आणि ‘तरवड’खाली ‘तंगडी’ लिहिलंत. इतक्या लोकांनी तिच्या बोलण्यात आजवर चुका काढल्या, त्यात मीही आलो. तिचा शब्द कुणी रंगानं लिहून घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला.

घरी येऊन तिनं शेजारच्या पद्मशाली काकूंना हे तीनदा सांगितलं. त्या बतुकम्मा, म्हणजे त्यांच्या सणातला फुलांचा मनोरा, रचताना हीच फुलं घेतात, त्यांच्या तेलुगूत हिचं नाव तंगेडू. येत्या रविवारी दोघी येतायत. पाटीवर अजून एका ओळीची जागा आहे, मी बघून ठेवलीय.