पाणी काळं झालं म्हणून

प्रिय बाळ्या,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत बरी आहे, खोकलाही गेला. आज लिहायला बसलो तो छोट्यामुळे. त्यानं शर्यतीच्या खेळण्यातल्या गाडीची नवी कोरी ब्रशवाली मोटर जाळली. का रे असं केलंस, विचारलं तर म्हणाला, "बाळूदादा असंच करायचा."

नवे ब्रश नीट बसावेत म्हणून पाण्यात मोटर फिरवायची तुझी ती पद्धत! तू २-३ व्होल्टच्या वर कधी जायचा नाहीस. नव्या ब्रशचं, म्हणजे करंट आत नेणाऱ्या कार्बनच्या तुकड्याचं, तोंड कम्युटेटरच्या, म्हणजे त्याला घासत फिरणाऱ्या तांब्याच्या कड्याच्या, गोलाईवर नीट बसलेलं नसतं, टेकतं तेवढ्याच जागेतून सगळा करंट जातो. हळू फिरवलं की ठिणग्या कमी, आणि झिजलेली भुकटी पाणी घेऊन जातं. पोरांपर्यंत यातलं एवढंच पोचलं: पाणी काळं व्हायला हवं. जितकं काळं तितकी गाडी पळणार! छोट्यानं पूर्ण चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि पाणी शाईसारखं होईपर्यंत हलला नाही. ब्रश निम्मे संपले, कम्युटेटर डागाळला. वर न वाळवता, मोटरीचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशिंगला तेल न देता गाडी थेट ट्रॅकवर.

ती काळी भुकटी म्हणजे ब्रशच आहे रे बाबांनो, असं मी सांगतो. ऐकतात, माना डोलावतात आणि पुन्हा तेच. परवा एकजण ब्रशलेस मोटर घेऊन आला, "हिला किती वेळ ठेवू?" ब्रशच नाहीत तर बसवायचं काय? मला झोप लागत नाही बघ. पोरं मेहनती आहेत, पण व्होल्ट-करंटच्या मीटरकडे बघायचंच सोडून देतील.

शर्यतीआधी मोटर फ्रीजरमध्ये गार करण्यावरून आपण भांडलो होतो, तेव्हा तू बोलणंच टाकलं होतंस. गार तांब्याचा रोध कमी होतो, अंशाला साधारण ०.४ टक्के, हे तुझं खरं. थंडीत फेराइट मॅग्नेटची ताकद कायमची जाण्याचा धोका वाढतो, हे माझंही खरं. आणि गारवा पहिल्या फेऱ्यांतच उतरतो. तोवर तू पुढे निघून गेलेला असायचास, ते सोड!

म्हणून म्हणतो, एकदा येऊन जा. एकसारख्या दोन मोटरी घेऊ, एक पाण्यात, एक कोरडी, दोन्ही कमी व्होल्टवर. मग ब्रश काढून भिंगाखाली दाखव: घासलेला चकचकीत भाग तोंडभर पसरला की थांबायचं, पाणी कसंही असो. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.

नोकरी बदललीस म्हणे? बाळ रांगतंय का? वहिनींना नमस्कार. येतोस कधी ते लगेच कळव, तोवर छोट्याला नव्या मोटरीला हात लावू देत नाही.

तुझा,
नंदू