फुटबॉलच्या स्टेडियममध्ये रनिंग ट्रॅक कशाला?

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

यंदा आमच्या कॉलनीच्या गणपतीत मुलांचं "माझ्या कल्पनेतला देश" असं चित्रप्रदर्शन होतं, तर माझा भाचा, सातवीत आहे, त्याने चांदोरा नावाचा देश शोधला आणि झेंडा-बिंडा सगळं सोडून थेट तिथलं राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमच काढलं. चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर कार्डशीट पसरलेली. 1 सेंटीमीटर म्हणजे 5 मीटर असं माप धरलेलं, मैदान 21 बाय 13.6 सेंटीमीटर, म्हणजे 105 बाय 68 मीटर, मोठ्या मॅचला असतं तेवढंच. गोलच्या मागची पहिली रांग इतकी जवळ की मी म्हटलं अरे बॉल लागेल ना लोकांना, तर म्हणतो मामा, तेच तर पाहिजे! सीट 40 हजार. लाखभर का नाही, तर म्हणे मग वरच्यांना काय दिसणार.

परीक्षकांनी मार्क कापले. का, तर रनिंग ट्रॅक नाही, स्टेडियम अपुरं आहे. पोराचा चेहरा एवढासा झाला आणि मला फार लागलं ते, कारण बरोबर तोच होता.

2017 ला अंडर-17 वर्ल्ड कपच्या फायनलला मी कोलकात्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये होतो, जागा गोलच्या मागे. स्पेन 2-0 ने पुढे, मग इंग्लंडने 5 मारले, काय मॅच होती, पण लांबच्या गोलमध्ये कोणी मारला हे मी शेजारच्याला विचारत होतो. 400 मीटरच्या ट्रॅकचं वळण गोलच्या मागूनच जातं ना, म्हणून तिथला माणूस चांगला 35-एक मीटर मागे ढकलला जातो. इटलीत युव्हेंटस या फुटबॉल क्लबने तर 1990 च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं ट्रॅकवालं स्टेडियम शेवटी पाडलं आणि त्याच जागी 2011 मध्ये 41 हजारांचं, मैदानाला अगदी खेटून, नवं उभं केलं.

धावणाऱ्या मुलांना ट्रॅक हवाच, पण त्यांचा वेगळा द्या. इंदूरला कधी फुटबॉलचं स्टेडियम होणार असेल तर ते फक्त फुटबॉलचं असू दे, एवढं आपल्या पेपरने लावून धरावं.

आणि एक विनंती, चांदोराच्या स्टेडियमचा फोटो पाठवतोय, मुलांच्या पानावर जागा असेल तर छापा.

आपला नेहमीचा वाचक,
इंदूर