गाडी जॅकवर चढवू नकोस

दापोली,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मन्या,

तुझी अॅम्बॅसेडर खंबाटकी घाटात एकाएकी भरकटते आणि गॅरेजच्या दारात गेली की शहाण्यासारखी वागते, हे वाचून हसूच आलं. आमची प्रीमियर पद्मिनी गाडी पावसाळाभर हेच करत होती. आसूदच्या उतारावर डावं वळण आलं की स्टिअरिंग क्षणभर मेल्यासारखं. ते फिरवावं तर गाडी सरळच, मग एकदम झटका देऊन वळायची. समोरून हर्णैची मासळी भरलेला टेम्पो येत असेल तर पोटात कसा गोळा येतो, तुला सांगायला नको. पुढे आठ-आठ दिवस काही नाही.

इथल्या एका मिस्त्रीने जॅक लावून पुढची चाकं हलवून बघितली. सगळं घट्ट. मग त्याने स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे नेणाऱ्या दात्यांच्या पेटीचा, स्क्रू आवळला. त्याने खेळ, म्हणजे सैलपणा, कमी झाल्यासारखा वाटला, पण वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मागे येईना, हातानेच ओढून सरळ करायला लागायचं. मूळ झटका होता तिथेच.

मला राग येतो तो या स्क्रूचा. त्या बॉक्सचे दाते मधोमध, म्हणजे चाकं सरळ असताना, सगळ्यात घट्ट बसतात. तिथे उगाच आवळलं की बॉक्सच खराब. दोष दुसरीकडे असला तर तो झाकला जातो, एवढंच.

शेवटी गाडी अंगणात, चारही चाकांवर, इंजिन बंद. पुतण्याला आत बसवलं आणि स्टिअरिंग हळूहळू डावीउजवीकडे हलवायला सांगितलं, चाकं वळायच्या आतच थांबायचं. मी एकेका टायरॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यावर, बोट ठेवून बघत गेलो. सांधा झिजला असेल तर बोटाला टिकटिक कळते, डोळ्याला दिसण्याआधी. एक थोडा सैल होता, पण एवढ्याने झटका बसत नाही. मग आयडलर आर्म, म्हणजे बॉक्सच्या पलीकडच्या बाजूला दांड्यांना आधार देणारा हात. ठीक. मग टॉर्च बॉक्सवर मारला आणि काय, अख्खा बॉक्सच हलत होता! बोल्टच्या वायसरभोवती तांबड्या भुकटीचा गोल, आणि चॅसिसचं भोक लांबट झालेलं. खारी हवा, त्यात पालापाचोळा साचून ओल. पत्रा आतून पार खाल्लेला. कधीकधीच का व्हायचं, तेही कळलं. बोल्ट भोकाच्या एका टोकाला अडकून बसला की सगळं सुरळीत, उतारावर पुढे वजन आलं की सरकायचा. जॅकवर चाकं हवेत, वजन नाही, म्हणून बॉक्स हलायचं कारणच नाही.

बॅटरीची वायर काढून कुजका भाग कापला, जाड पट्टी वेल्ड करून घेतली, हाय टेन्सिल बोल्ट आणि नायलॉक नट लावले. स्क्रू परत सैल केला. टायरॉड एंडही बदलला, हात घातलाच होता तर.

आता तुझ्या गाडीचं. मॉरिस ऑक्सफर्ड या जुन्या इंग्रजी गाडीची पोर ती, तिला बॉक्स नाही, रॅक आणि पिनियन आहे, म्हणजे दात्यांची आडवी पट्टी आणि ती सरकवणारं छोटं दातेरी चाक. तेव्हा तू रॅकच्या क्लॅम्पवर बोट ठेव, रबरी बूट फाटलेत का बघ, आणि कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा, खालचा जोडही बघ. बायकोला आत बसव, वहिनी वैतागतील, पण दुसरा माणूस लागतोच. चाक वर उचलायचं ते नंतर, बेअरिंगसाठी: वरखाली धरून हलव, खेळ आला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर त्यामागचं काहीतरी झिजलंय.

या सगळ्याआधी टायरमधली हवा बघ, फुकटचं काम आहे. आणि हो, नाना पेठेत जाशील तेव्हा माझ्यासाठी पद्मिनीची डावी-उजवी टायरॉड एंडची एक जोडी घेऊन ठेव. इथे मिळते ती बनावट असते. दिवाळीत येशील तेव्हा आण, पैसे रोख देईन.

तुझा,
अण्णा